ईशान्य कोपऱ्यातली जागा

आमच्या घरामागे दफनभूमी आहे, हे मी आईला कित्येक वर्षं सांगितलंच नव्हतं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, "तुमच्या कुंपणापलीकडे ते पांढरं पांढरं काय दिसतं रे?" मी म्हणायचो, "दगड आहेत. इकडे बागेत लावतात शोभेला." ती म्हणायची, "छान." आणि मी फोनचा कॅमेरा स्वयंपाकघराकडे वळवायचो.

घर अमेरिकेत, डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या उत्तरेला आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा रस्त्यापलीकडे मका उभा असायचा. आता तिथे दुकानांची रांग आहे आणि तिच्या टोकाला डोसा मिळतो. घर दाखवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, त्याला मी दोष देणार नाही. मागच्या अंगणात उभा राहून तो म्हणाला, "उत्तरेची ही जागा जुनी दफनभूमी आहे. इथे कधी काही बांधलं जाणार नाही. आणि तुमच्या प्लॉटचा हा कोपरा कापलेला दिसतो ना, तेवढा तुकडा त्यांचा." त्या कोपऱ्यात जमिनीत एक लोखंडी सळई ठोकलेली होती. तिच्या डोक्यावर नारिंगी प्लास्टिकची टोपी. हद्दीची खूण.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शेजार शांत आहे." ती हसली नाही. पण मागे दुसरं घर येणार नाही, जुने ओक आणि सीडर तसेच राहतील, याचा मोह तिलाही पडला.

आमच्या कॉलनीच्या दगडी फाटकावर जे नाव कोरलंय, ते एका वस्तीचं नाव आहे. गुलामगिरी संपल्यावर सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी इथे तुकडा तुकडा जमीन घेऊन ती वसवली. कापूस पिकवला, चर्च बांधलं, शाळा बांधली. गोऱ्यांचं गाव पलीकडे, ही वस्ती ओढ्याच्या अलीकडे. आपल्या भाषेत गावकुसाबाहेर. हे मला कुठल्याही फलकावर वाचायला मिळालं नाही. फलक नाहीच. बिल्डरने नाव उचललं आणि वस्तीतलं एवढंच काय ते उरलं, नाव आणि मागची दफनभूमी.

हे सगळं मला सांगितलं त्या दफनभूमीतच भेटलेल्या एका बाईंनी, ज्यांना आम्ही पुढे मावशी म्हणू लागलो.

दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी त्या दफनभूमीत माणसं येतात. याला ते होमकमिंग म्हणतात, घरी परतणं. डॅलसहून, ह्यूस्टनहून, कोणी थेट कॅलिफोर्नियाहून. सकाळी गवत कापायची यंत्रं, खुरपी, दाताळी. गळ्यात टॉवेल. थडगी साफ करायची, कलंडलेले दगड सरळ करायचे, फुलं लावायची. दुपारी मोठ्या ओकच्या सावलीत घडीची टेबलं मांडून सगळ्यांनी जेवायचं. पहिल्या वर्षी आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिलो. थडग्यांच्या मधून मुलं पळत होती, आणि एक काका तळलेल्या कोंबडीची तंगडी हातात घेऊन कोणाच्या तरी दगडाला टेकून बसले होते.

"जेवतायत," बायको म्हणाली. "तिथे."

तेवढ्यात कुंपणावर टकटक झाली. मी बाहेर गेलो. जाळीच्या जुन्या कुंपणापलीकडे जांभळ्या हॅटमधल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, हे नंतर कळलं, पण तो आवाज तेव्हाच ओळखू आला. शेवटच्या सीटवरच्या पोरालाही ऐकू जाईल असा.

"नेबर, तुझ्या नळाचं पाणी देतोस का? आतल्या लोकांना तहान नाही, पण आम्ही फुलं लावलीत त्यांना आहे."

मी नळी कुंपणावरून दिली. तासाभराने नळी परत आली आणि तिच्यामागून काचेचं एक भांडं आलं. वर फॉइल, आत गरम पीच कॉबलर. पीचच्या फोडींवर खरपूस आवरण. बायकोने ते ओट्यावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं पाहत उभी राहिली.

"स्मशानातलं अन्न आहे रे."

"अन्न त्यांच्या घरचं आहे. आणलंय फक्त स्मशानात."

"आणि तिथून आपल्याकडे." मग तिने चमच्याने एक कोपरा उचलला. "बघते नुसतं." संध्याकाळपर्यंत भांडं रिकामं झालं होतं, आणि मग नवा प्रश्न. रिकामं भांडं परत कसं द्यायचं? तिने शिरा केला. मी तो भांड्यात भरून नेला तेव्हा मंडळी टेबलं गाड्यांत भरत होती. मावशींनी तिथेच बोटाने चाखला.

"हे तर गोड ग्रिट्स!" त्या ओरडल्या. इकडे मक्याच्या रव्याची खारट लापशी करतात, तिला ग्रिट्स म्हणतात. "ग्रिट्समध्ये साखर घालणाऱ्याला आमच्या आईने घराबाहेर काढलं असतं. आणि हा काय, बेदाणा? देवा." आणि उभ्या उभ्या आणखी तीन घास खाल्ले.

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'मागच्या मावशी' असा होऊ लागला. नाव बायकोनेच ठेवलं. दोघींचं फोनवर बोलणं व्हायला लागलं. भेंडी चिकट होऊ नये म्हणून कोण काय करतं, याच्यावर त्या तासभर बोलू शकायच्या. दर मे महिन्यात नळी जायची, कॉबलर यायचं, शिरा जायचा. आमची मुलगी मोठी होत गेली. आणि मी मावशींशेजारी घडीच्या खुर्चीत बसून वस्तीची हकीगत ऐकायला लागलो. त्या दफनभूमीत, मी अंगणात, मध्ये जाळी.

त्यांच्या सांगण्यात तक्रार नसायची. बस चालवणारा माणूस रस्ता सांगतो तसं सांगायच्या. इथे कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना. तिथे शाळा, दोन खोल्या, एक शेगडी. चर्च ओढ्याजवळ. "मग हायवे आला. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ चर्चवरून गेली. मग पाण्याची पाइपलाइन आली. तीही सरळ. ती शाळेवरून गेली. सरळ रेघेचं आमच्यावर फार प्रेम, नेबर. जिथून निघेल तिथून आमच्या दारातूनच जाते." तरुण माणसं शहरात गेली. भावाभावांच्या नावावर राहिलेली शेतं कुठल्या ना कुठल्या वकिलाच्या हातात गेली. शेवटी उरलं ते कोणी विकत घेऊ शकत नव्हतं. मेलेली माणसं.

हे सगळं ऐकून, नीट समजून घेऊन, मग मी जे केलं ते केलं. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

एका वर्षी माझी नोकरी गेली. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची गेली, मी काही वेगळा नव्हतो, पण घरी बसलेल्या माणसाला ते पटत नाही. आईला हे सांगावंच लागलं. तिच्या ओळखीचे एक काका वास्तू बघतात. तिने माझ्याकडून घराचा नकाशा मागवला, त्यांना दाखवला आणि फोन केला. "अरे, तुझा ईशान्य कोपरा कापलेला आहे. सगळं चांगलं आहे घराचं, पण ईशान्य कापलेला. कर्त्या माणसाला स्थैर्य नाही. कुंपण सरळ करून घेता आलं तर बघ."

माझा वास्तूवर विश्वास नाही. हे मी चारचौघांत अनेकदा म्हटलंय. पण विश्वास नसलेला माणूस 'रिस्क कशाला' म्हणून काय काय करून ठेवतो, ते बघण्यासारखं असतं.

त्याच वर्षी जूनमध्ये गारांचं वादळ आलं आणि गल्लीतली सगळी कुंपणं आडवी झाली. नवं लाकडी कुंपण घालायला माणूस आला. त्याने कोपऱ्यात उभं राहून सळईच्या टोपीला बुटाचं टोक लावलं आणि विचारलं, "जुन्याच रेषेने वळवू, की सरळ नेऊ?"

"सरळ," मी म्हणालो.

त्याने सळईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की. वळवलेलं चांगलं दिसत नाही."

संध्याकाळी कोपरा चौकोनी झाला. उंच, नव्या सीडरच्या फळ्यांचा वास येत होता. सळई आता कुंपणाच्या आत, माझ्या बाजूला होती. मी तिच्यावर तुळशीची मोठी कुंडी ठेवली. बायकोला सांगितलं, ईशान्येला तुळस असावी. बायकोने शेजारच्या मातीत मेथी पेरली. आणि थोड्या महिन्यांनी मला नोकरी लागली. आई म्हणाली, "बघ!" मी हसलो. पण आत कुठेतरी मलाही वाटलं की लागू पडलं. हे लिहायला लाज वाटते.

आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. शेजाऱ्याच्या आणि आपल्या शेतामधला बांध दरवर्षी नांगरताना थोडा थोडा कापायचा, कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या वडिलांनी गाव सोडलं ते चुलत्याने बांध कोरला म्हणून. आयुष्यभर ते त्या बोटभर जमिनीबद्दल बोलले. त्यांचा मुलगा इतका शिकला, इतक्या लांब आला, आणि बोलू न शकणाऱ्या माणसांचा बांध त्याने एका दुपारीत कोरला.

पुढच्या मे महिन्यात मावशी आल्या तेव्हा टकटक उशिरा झाली. मी फळ्यांच्या वरून पाहिलं. त्या काठी घेऊन नव्या कुंपणाच्या कोपऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या आणि कुंपणाच्या मध्ये एकच थडगं होतं. घरी ओतलेल्या सिमेंटची पाटी, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने काढलेली अक्षरं, कडेने मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत गोट्या बसवलेल्या. त्यांच्या नवऱ्याची. पाटी त्यांच्या भावाने ओतली होती आणि गोट्या मावशींनी स्वतः बसवल्या होत्या. हे मला आधीपासून माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"नेबर," त्या म्हणाल्या, "हे कुंपण कधी आलं?"

"गेल्या उन्हाळ्यात. वादळात जुनं पडलं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज निघालं.

"बिल्डरने पुन्हा मोजलं असणार," त्या म्हणाल्या. "पुन्हा सरळ रेघ." मग काठीने माझ्या फळ्यांवर हलकेच ठोकलं. "इथे मी होते."

"म्हणजे?"

"त्याच्या उजव्या हाताला. तो गेला त्याच दिवशी ठरलं होतं. त्याला उजव्या कानाने नीट ऐकू यायचं. मी म्हटलं, मी त्याच बाजूला येणार, नाहीतर सगळा स्वर्गवास ओरडून बोलण्यात जाईल." त्या हसल्या. "आता मी तुमच्या अंगणात आहे बहुतेक. काय लावलंयत तिथे?"

"मेथी," मी म्हणालो.

"ती काय असते?"

"एक कडू भाजी."

"बरोबर आहे मग," त्या म्हणाल्या, आणि नळी मागितली.

मी नळी दिली. कॉबलर आलं. मी ते खाल्लं नाही. पण बोललोही नाही. त्या बिल्डरला बोल लावत होत्या, बिल्डर कुठल्या कुठे निघून गेला होता, कोणाचं काही बिघडत नव्हतं. शिवाय त्या ठणठणीत होत्या. असे विचार मी रोज करत गेलो. उन्हाळा गेला. दर रविवारी तुळशीला पाणी घालताना कुंडी थोडी सरकवून सळई आहे का ते बघायचो, आणि पुन्हा सरकवून ठेवायचो.

दिवाळीच्या आधी बायको चकल्या पाडत होती, मी तळत होतो. ती म्हणाली, "मागच्या मावशींचा फोन होता. हृदयाचं दुखणं निघालंय. डॉक्टर फार आशा देत नाहीयेत." सोऱ्या फिरवताना तिचा हात थांबला. "त्यांच्या भाच्यांनी डॅलसच्या मोठ्या सिमेट्रीत जागा बघितली म्हणे. कारंजं आहे तिथे. मला म्हणाल्या, 'कारंज्याच्या आवाजात झोप कशी लागेल गं मला?' हसत होत्या. पण अरे, त्यांना नवऱ्याजवळ जायचंय. ते बिल्डरचं कुंपण..."

"बिल्डरचं नाही," मी म्हणालो.

आणि तिला सगळं सांगितलं. कढईतल्या चकल्या करपल्या, तिनेच पुढे होऊन गॅस बंद केला. माझी मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. ती इथेच जन्मली, मराठी समजते, उत्तर इंग्लिशमध्ये देते. या वेळी मात्र मराठीत बोलली, बहुधा मला नीट लागावं म्हणून.

"बाबा, तुम्ही त्यांची कबर घेतली."

"मला माहीत नव्हतं ती त्यांची आहे."

"कोणाची तरी होती ना?"

बायको म्हणाली, "आणि माझी मेथी वर." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मागे गेली आणि अंधार पडेपर्यंत ती मेथी उपटत राहिली.

मला वाटलं होतं, अडचण आईची होईल. ईशान्य पुन्हा कापायचा म्हणजे काय! शिवाय तिला दफनभूमीचंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून मी दगड म्हणजे काय तिथपासून सुरुवात केली. ती ऐकत राहिली. शेवटी मी म्हणालो, "तूच म्हणाली होतीस, कुंपण सरळ कर."

"सरळ कर म्हटलं होतं," आई म्हणाली, "दुसऱ्याच्या जागेत कर म्हटलं होतं का? तुझ्या बापाने चुलत्याला जन्मभर शिव्या दिल्या, त्या ऐकून हेच शिकलास?" मग, "त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग माझ्याशी काय बोलतोयस? ठेव फोन."

मावशी भाचीकडे राहत होत्या, गावाच्या जुन्या भागात. मी आणि बायको गेलो. त्या आरामखुर्चीत होत्या, नाकाशी ऑक्सिजनची नळी, पायावर पांघरूण. मी बसलोच नाही. उभ्यानेच सांगितलं. सळई, टोपी, माणसाने दोनदा विचारलं ते, कुंडी. मे महिन्यात 'वादळात पडलं' म्हणालो तेही.

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. शाळेच्या बसमध्ये मोठ्या आरशातून मागे बघतात तसं.

"म्हणजे मी तुझ्या कुंपणावर काठी ठोकली तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो, मॅम."

"आणि मी बिल्डरला नावं ठेवत होते."

"हो."

"आणि तू मला पाणी दिलंस."

बायको म्हणाली, "आम्ही ते काढणार आहोत."

"तू थांब, बेबी. तू नाही घातलंस ते." त्या माझ्याकडे वळल्या. "कशासाठी? तेवढ्या जमिनीत काय येतं? कडू भाजी?"

मग मला वास्तू सांगावं लागलं. ईशान्य दिशा म्हणजे काय, तो कोपरा कापलेला असला तर काय होतं म्हणतात. इंग्लिशमध्ये ते सांगताना आपलंच बोलणं किती विचित्र वाटतं! मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"दिशेचं मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आमची सगळी माणसं पूर्वेकडे पाय करून निजलीत. शेवटच्या सकाळी उठतील तेव्हा समोर सूर्य पाहिजे म्हणून. दिशा आम्हालाही कळतात. पण आम्ही कोणाला उठवून दिशा सुधारली नाही."

बायकोने त्यांच्या पायावरचं घसरलेलं पांघरूण सारखं केलं.

"मी तुला माफ केलं असं आज म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला दम लागतोय, आणि माफीला दम लागतो. तू दोन गोष्टी कर. कुंपण तुझ्या हाताने काढ, माणूस लावू नकोस. आणि मे महिन्यात सगळ्यांसमोर सांग की ते कोणी घातलं होतं. मी असेन-नसेन."

"तुम्ही असाल," बायको म्हणाली.

"असेनच. ते सांगताना याचं तोंड मला बघायचंय."

फेब्रुवारीत एका शनिवारी मी सुरुवात केली. फळ्या निघाल्या, पण खांब काँक्रीटमध्ये रोवलेले होते. इथली काळी माती पावसात मेणासारखी चिकटते आणि सुकली की दगड होते. मी पहारीने खणत होतो. मुलगी आली आणि फावड्याने माती ओढू लागली. बायकोने तुळस उचलून दारापाशी नेली. कोपरा पुन्हा आत वळला, जुन्या रेषेवर. नवे खांब थोडे वाकडे लागले, अजून तसेच आहेत. जिथे मेथी होती ती जमीन मी सपाट केली, तिच्यावर काही लावलं नाही. सळई उघडी झाली. नारिंगी टोपी उन्हात भडक दिसत होती.

होमकमिंगला मावशी आल्या. चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनची टाकी मागे अडकवून, तीच जांभळी हॅट. या वेळी नळीची वाट न बघता मी सकाळीच यंत्र घेऊन गवत कापायला गेलो होतो. कोणी काही विचारलं नाही. जेवणाआधी ओकखाली प्रार्थना झाली. मग त्यांच्यात बैठक असते. कोणाला काही सांगायचंय का, असं विचारतात. मी उभा राहिलो.

फार बोललो नाही. कुंपण बिल्डरने नव्हतं घातलं, मी घातलं होतं, मला हद्द माहीत होती, एवढंच. टोपी घातलेला मावशींचा धिप्पाड भाचा म्हणाला, "म्हणजे वर्षभर आम्ही त्या बिल्डरला उगाच शिव्या घालतोय?"

"घालत राहा," मावशी म्हणाल्या. "त्याची दुसरी पापं आहेत."

लोक हसले. पण सगळे नाही. पांढऱ्या केसांची एक बाई, मावशींच्याच वयाची, उठून माझ्यासमोर आली. "ती आजारी पडली नसती तर तू सांगितलं असतंस?"

मला 'हो' म्हणायचं होतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि ताट वाढून घ्यायला निघून गेली. माझ्याशी ती नंतरही बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

जेवणं झाल्यावर मावशींनी मला बोटाने बोलावलं. "ने मला तिकडे."

खडबडीत जमिनीवरून खुर्ची ढकलत मी त्यांना कोपऱ्यात नेलं. सिमेंटच्या पाटीच्या उजव्या बाजूला, मोकळ्या मातीवर खुर्ची आणून ब्रेक लावला. त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. आधी डावीकडे पाहिलं, नवऱ्याकडे. मग समोर, पूर्वेला. तिथे दोन सीडरच्या मधून हायवेचा एक तुकडा दिसतो.

"हे दिसणार म्हणजे मला," त्या म्हणाल्या. "ट्रक."

"हो."

"चालेल. मला गाड्या आवडतात." त्यांनी काठीचं टोक मातीत खुपसून फिरवलं. "रुंदी पुरेल?"

"पुरेल, मावशी." मराठी शब्द तोंडातून कसा निघाला कळलं नाही. त्यांनी तो ऐकला, विचारला नाही.

त्या थोडा वेळ श्वास घेत बसल्या. मग काठीनेच मला दूर हो अशी खूण केली.

"आता जा, नेबर. मला याच्याशी बोलायचंय. याला वाटत असेल मी येणारच नाही."

मी ओकच्या दिशेने चालायला लागलो. मागून त्यांचा आवाज येत होता, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा नाही, अगदी हळू. एका कानाजवळ बोलावं तसा.